नाताल, बावन्न मिनिटं

अकरा वाजून वीस मिनिटांनी रेवती मुणगेकरच्या फोनवर ब्राझीलचा नंबर आला, तेव्हा ती मिठबावच्या तळावर यानाच्या दुपारच्या झेपेसाठी वाऱ्याचा तक्ता तिसऱ्यांदा तपासत होती. नंबर तिच्या भावाचा नव्हता. भावाचा नंबर तिला पाठ होता, जरी गेल्या सहा वर्षांत वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे तिनं त्यावर काही पाठवलं नव्हतं.

पलीकडची बाई मोडक्या इंग्रजीत, पण सावकाश आणि नीट बोलत होती. आपण लुसिया, जयवंतची बायको, असं तिनं आधी सांगितलं, आणि मग एकेक गोष्ट क्रमानं सांगितली. जयवंत नाताल शहराबाहेरच्या पवनचक्क्यांवर देखभालीचा इंजिनिअर होता. काल संध्याकाळी तो शिडीवरून घसरला. मांडीचं हाड मोडलं, पोटात प्लीहा फाटली. डॉक्टरांनी पोट उघडून रक्तस्राव कसाबसा थांबवलाय, पण पुन्हा ऑपरेशन करावंच लागणार आहे आणि अंगात रक्तच उरलेलं नाही. हिमोग्लोबिन चारच्याही खाली आहे. त्याच्या गटाचं रक्त देणारी दोनच माणसं सगळ्या ब्राझीलमध्ये सापडली. एक आजारी आहे, दुसऱ्यानं गेल्याच महिन्यात रक्त दिलंय. तिथं आत्ता रात्रीचे तीन वाजत आले आहेत. दुपारी बारापर्यंत रक्त मिळालं नाही, तर डॉक्टर काही सांगू शकत नाहीत.

“त्याच्या पाकिटात कार्ड होतं,” लुसिया म्हणाली. “रक्त लागलं तर कोणाला कळवायचं, त्याचं. त्यावर तुमचं नाव आहे. फक्त तुमचंच.”

रेवतीनं घड्याळाकडे पाहिलं. मग समोरच्या पडद्याकडे. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: मिठबाव ते नाताल, सुटण्याची वेळ दोन वाजून दहा मिनिटं.

“मी परत फोन करते,” ती म्हणाली. “अर्ध्या तासात.”

*

बहीणभावाचं रक्त एकाच गटाचं, यात एरवी काही विशेष नसतं. पण या दोघांचा गट बॉम्बे होता. मुंबईत प्रथम सापडला म्हणून त्याला हे नाव पडलं. आपल्या रक्तपेशींवर ए किंवा बी नावाच्या खुणा असतात, आणि त्या दोन्ही खुणा एच नावाच्या एका पायावर उभ्या असतात. ओ गटाच्या माणसाकडे खुणा नसतात, पण पाया असतो. बॉम्बे गटाच्या माणसाकडे तो पायाच नसतो. साध्या तपासणीत त्याचं रक्त ओ गटाचं वाटतं, आणि ओ गटाचं रक्त चढवलं की त्याचं शरीर त्या रक्तावर शत्रूसारखं तुटून पडतं. आपल्याकडे दहा हजारांत एखादा असा माणूस सापडतो. बाहेरच्या देशांत दहा-दहा लाखांत एकही सापडत नाही. सख्ख्या भावंडांत मात्र तो सापडण्याची शक्यता चारात एक असते. रेवतीच्या माहेरच्या तारी कुटुंबात दोनच मुलं होती आणि दोघंही तशीच निघाली.

हे कळलं ते रेवतीच्या बाळंतपणात. कोल्हापूरच्या इस्पितळात ती रक्त जाऊन पांढरीफटक पडली होती. डॉक्टरांनी गट ओळखला आणि घरच्या सगळ्यांना तपासायला सांगितलं. जयवंत देवगडहून गाडी घेऊन गगनबावड्याचा घाट चढून आला, बाही वर करून कॉटवर आडवा झाला, आणि मुक्ता जन्मल्यावर दहाव्या तासाला तिची आई शुद्धीवर आली. त्या दिवसापासून दोघांनी मनाशी एक ठरवून टाकलं, की एकमेकांपासून फार लांब जायचं नाही. रेवतीनं पुढं एक यादीही बनवली. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सांगली इथले या गटाचे त्रेचाळीस लोक. कोणाला रक्त लागलं की ती फोन करायची आणि कोणी ना कोणी गाडीत बसायचं.

मग पवनचक्क्यांच्या एका प्रशिक्षणाला ब्राझीलची लुसिया आली, आणि वर्षभरात जयवंतनं नातालची नोकरी धरली. रेवती तेव्हा गोव्याच्या विमानतळावर उड्डाण नियोजक होती. विमानानं कोणत्या वाटेनं जायचं, किती इंधन घ्यायचं, किती वेळ लागेल, हे ठरवण्याचं ते काम. भाऊ निघायच्या आदल्या दिवशी तिनं त्याच्यापुढे कागद ठेवला. गोवा ते नाताल, तीन विमानं बदलून, एकोणतीस तास. “एवढ्या वेळात माणूस दोनदा मरतो,” ती म्हणाली होती. त्यानं कागद घडी करून खिशात घातला आणि तो गेला. तिनं त्याला निरोप दिला नाही. लग्नाची चित्रफीत तिनं अर्धीच पाहिली.

वर्षभरानं देवगडजवळच्या मिठबावला झेपतळ, म्हणजे यानं सोडायचा तळ, होणार असल्याची बातमी आली. पहिला मार्ग नातालचा असं त्यात लिहिलेलं होतं. तिथंही समुद्रकाठ होता आणि जुना अग्निबाण तळ होता, म्हणून ते शहर निवडलं गेलं होतं. रेवतीनं त्याच दिवशी अर्ज केला. घराजवळची नोकरी, एवढंच कारण तिनं नवऱ्याला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

*

झेप ही कल्पना तशी साधी. पृथ्वीच्या गोलावर मिठबाव आणि नाताल यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर तो अरबी समुद्रावरून आफ्रिकेत शिरतो, आफ्रिका ओलांडून अटलांटिकवर येतो आणि बारा हजार एकशे सत्तर किलोमीटर भरतो. साधं विमान तासाला नऊशे किलोमीटरच्या पुढे जात नाही, कारण त्याला सगळी वाट हवा कापत जावं लागतं. म्हणजे थेट विमान असतं तरी चौदा तास. पण हवेचा थर फार जाड नाही. तो चार-पाच मिनिटांत ओलांडला आणि वर पोचून पुरेसा वेग घेतला, की पुढे इंजिनाची गरजच नाही. फेकलेला दगड जसा जातो तसं यान जात राहतं. सेकंदाला सात किलोमीटर. मिठबावहून देवगड, तीन सेकंद.

या यानाला कागदोपत्री लांबलचक नाव होतं, पण गावात पहिल्या दिवसापासून सगळे त्याला टोळ म्हणत. तो उडत नाही, उडी मारतो, म्हणून. किनाऱ्यापासून सहा किलोमीटर आत समुद्रात बांधलेल्या चौथऱ्यावरून तो सरळ वर सुटायचा आणि पलीकडे पंखांवर तरंगत धावपट्टीला टेकायचा. आठ झेपा नुसत्या मालाच्या झाल्या होत्या, आणखी दोन वैमानिकांसह झाल्या होत्या. आजची अकरावी. आज पहिल्यांदा मागच्या आसनांवर दोन माणसं बसणार होती. एक डॉक्टर आणि एक केबिन इंजिनिअर.

हिशेबातली रेवतीची आवडती गोष्ट निराळीच होती. या बावन्न मिनिटांत पृथ्वी स्वतः पूर्वेकडे फिरत असते, त्यामुळे पश्चिमेचं नाताल आपल्याकडे चौदाशे किलोमीटर सरकून येतं. नेम आत्ताच्या नातालवर धरायचाच नाही. ते जिथं येणार आहे तिथं धरायचा. अर्थात फुकट काही मिळत नाही. मिठबावही त्याच पृथ्वीवर आहे, आणि सुटताना टोळाच्या अंगात असलेला पूर्वेकडचा वेग आधी मोडून काढावा लागतो. या दोन गोष्टींचा मेळ घालणं हे रेवतीचं काम होतं, आणि त्यात तिचा हात धरणारं तळावर कोणी नव्हतं.

*

तळाच्या प्रमुख डॉ. मृणाल वायंगणकर नियमांच्या पक्क्या होत्या. रेवतीनं त्यांना सगळं पाच वाक्यांत सांगितलं. वायंगणकरांनी पहिला प्रश्न विचारला तो पिशवीचा. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातून रिकामी पिशवी मागवू, इथं रक्त काढू आणि पाठवून देऊ. तू कशाला जायला हवंस?

रेवतीनं याचा विचार जिना चढतानाच केला होता. रक्ताची पिशवी देशाबाहेर पाठवायला तीन खात्यांची परवानगी लागते आणि ती दोन दिवसांच्या आत मिळत नाही. माणसाच्या अंगातल्या रक्ताला मात्र पासपोर्ट पुरतो. तिचा पासपोर्ट ड्रॉवरमध्ये होता. या मार्गावर काम करणाऱ्या प्रत्येकाकडे असतो तसा ब्राझीलचा कर्मचारी परवानाही होता. टोळाच्या वेगाची सवय व्हावी म्हणून सगळ्यांना गरगर फिरवणाऱ्या यंत्रात बसवत, त्यातही ती दोनदा पास झाली होती.

वायंगणकर खिडकीशी गेल्या. समुद्रात चौथऱ्यावर टोळ उभा होता, उन्हात पांढरा, त्याच्या अंगावरून थंड वाफ खाली ओघळत होती. नऊ देशांनी आपलं आकाश आजच्या झेपेसाठी चौदा मिनिटं मोकळं ठेवलं होतं. ती चौदा मिनिटं चुकली, तर पुढची संधी तीन दिवसांनी.

“एकच विचारते,” त्या म्हणाल्या. “मार्ग तू आखलायस. दुसऱ्याला बसवायचं असतं तेव्हा हिशेब बरोबर वाटतो. तू स्वतः यात बसशील?”

“हो.”

“किती विचार करून सांगतेयस?”

“चार वर्षं,” रेवती म्हणाली.

वायंगणकरांनी मान हलवली आणि फोन उचलला. दिल्लीशी त्यांचं बोलणं वीस मिनिटं चाललं. त्यातली पंधरा त्या नुसत्या ऐकत होत्या आणि शेवटची पाच अशा आवाजात बोलल्या, की बाहेर बसलेल्या शिपायानं दार लोटून घेतलं.

परवानगी मिळाली, पण रेवतीसाठी केबिन इंजिनिअरचं आसन रिकामं करावं लागणार होतं. केबिन इंजिनिअर रॉक फर्नांडिस मालवणचा. बावन्न वर्षांचा हा माणूस चौदा महिने या आसनाची तयारी करत होता. त्याची बायको, दोन मुली आणि म्हातारी आई सकाळपासून किनाऱ्यावर छत्री लावून बसल्या होत्या. रेवतीला त्याला कसं सांगावं ते कळत नव्हतं. सांगावं लागलंच नाही. ती कपडे बदलायच्या खोलीत गेली तेव्हा तो बाकावर बसून बुटांचे बंद सोडत होता.

“पोशाख तुला होईल,” तो म्हणाला. “बूट मोठे पडतील. दोन मोजे घाल.”

ती काही बोलायला गेली तर त्यानं हातानंच थांबवलं आणि आसनाचे पट्टे कुठून कसे ओढायचे ते दाखवायला लागला.

रॉकचं वजन ब्याऐंशी किलो, रेवतीचं चोपन्न. अठ्ठावीस किलोंचा फरक टोळाला कळतो. तेवढ्या शिशाच्या पट्ट्या आसनाखाली बसवायच्या ठरल्या आणि बदललेल्या तोलाचा हिशेब रेवतीनंच बसून केला, पोशाखाचे हात कोपरापर्यंत वर सारून. आकडे जुळले. तिनं ते पुन्हा केले. पुन्हा जुळले. आपण आपलंच वजन या मार्गात मांडतोय हे तिच्या लक्षात आलं, आणि प्रवाशांच्या रकान्यात तिनं रॉकचं नाव खोडून आपलं लिहिलं.

लुसियाला तिनं परवानगी मिळताच कळवलं होतं; नवऱ्याला, गिरीशला, तिनं पावणेएकला फोन केला. तो देवगडच्या शाळेत भूगोल शिकवायचा, आणि मधली सुट्टी चालू होती. तिनं सांगितलं ते त्यानं न अडवता ऐकलं. मागून मुलांचा कालवा येत होता.

“परत कधी?” त्यानं विचारलं.

“तीन दिवसांनी. पुढच्या टोळानं.”

“मुक्ताला काय सांगू?”

“मामाकडे गेलीय म्हणून सांग.”

मामा हा शब्द त्या घरात बराच काळ कोणी उच्चारला नव्हता. मग तो म्हणाला, की दोनला मुलांना गच्चीवर नेतो, पश्चिमेला तोंड करून उभं करतो. धडा जगाच्या नकाशाचाच चालू होता.

*

दोन वाजून दहा मिनिटांनी खालून कोणीतरी प्रचंड खांदा लावल्यासारखं झालं. आवाज आधी अंगात शिरला आणि मग कानांत. छातीवर तीन माणसं बसल्यासारखी वाटली, गाल मागं ओढले गेले, आणि रेवती दात घट्ट दाबून मनात आकडे मोजत राहिली, कारण पुढं काय होणार ते सेकंदासेकंदाला तिला माहीत होतं. सत्तराव्या सेकंदाला हादरे वाढतात. वाढले. एकशे पन्नासाव्याला पहिला टप्पा सुटतो. सुटला. तिनं कागदावर लिहिलेलं सगळं एकामागून एक खरं होत चाललं होतं आणि तिला हसू यायला लागलं, वजनाखाली दबलेलं, अर्धवट हसू.

मग इंजिनं बंद झाली.

एवढी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती. हात आपोआप वर आले. रॉकच्या बुटांत तिची पावलं तरंगत होती. शेजारचे डॉक्टर देशपांडे मनगटावरच्या यंत्रात तिची नाडी पाहत होते, पण त्यांचंही लक्ष खिडकीकडे होतं. खाली आफ्रिकेचा किनारा आला होता, कोणी तपकिरी कागद फाडून निळ्यावर ठेवावा तसा. गिरीशच्या वर्गातल्या नकाशावर होता तसाच, फक्त रेघा नव्हत्या.

वैमानिक कॅप्टन नीलाक्षी सामंत यांचा आवाज आला. आपण मार्गावर आहोत, त्यांनी सांगितलं, नियोजकबाईंच्या रेषेपासून अडीचशे मीटर डावीकडे. रेवतीनं विचारलं, की अडीचशे कशामुळे? कॅप्टन म्हणाल्या, की ते आता तुम्ही आम्हाला सांगायचं. केबिनमध्ये सगळेच हसले.

ते पंचवीसेक मिनिटं पडत होते. पडणं असं असतं हे तिला आकड्यांनी कधी सांगितलं नव्हतं. जयवंतनं पहिल्यांदा पोहायला नेलं तेव्हा ती अशीच पाठीवर पडून राहिली होती, त्याचा तळवा पाठीखाली होता आणि नंतर तो कधी काढून घेतला ते कळलंच नव्हतं. सहा वर्षं आपण भावावर रागावलो, तिला वाटलं, पण त्यातला राग किती आणि सोय किती? एकोणतीस तास लांब असलेल्या माणसाकडे जाता येत नाही, हे फार सोपं होतं. त्याला क्षमा करायची की नाही हेही मग ठरवावं लागत नव्हतं. आता मध्ये काही उरलेलं नव्हतं. उरली होती ती वीस मिनिटं.

उतरताना वजन चौपट झालं. खिडकीबाहेर हवा तापून नारिंगी झाली. डॉक्टर देशपांडे जोरात सांगत होते, पोट आवळून धर, श्वास रोखू नकोस. तिच्या नजरेच्या कडा काळ्या व्हायला लागल्या. अंगातलं सगळं रक्त पाठीकडे दाबलं जात होतं आणि तिला तेवढ्यातही वाटून गेलं, की मिठबावला एक पिशवी काढून देऊन मग बसलो असतो तर आत्ता शुद्ध हरपली असती. मग काळोख विरला, नारिंगी रंग गेला, आणि खाली सकाळ होती. पहाटेचा कोवळा समुद्र, वाळूचे डोंगर, आणि किनाऱ्यावर रांगेनं उभ्या पवनचक्क्या, शेकडो, सगळ्या सावकाश फिरणाऱ्या.

टोळ धावपट्टीला टेकला तेव्हा मिठबावच्या घड्याळात तीन वाजून दोन मिनिटं झाली होती. नातालच्या घड्याळात सकाळचे सहा बत्तीस.

*

लुसिया इस्पितळाच्या दारात उभी होती. बुटकी, भरल्या अंगाची, रात्रभर न झोपलेली बाई. रेवतीला वाटलं होतं की आधी काहीतरी बोलावं लागेल. लुसियानं तिला नुसतं घट्ट धरलं, आणि मग हाताला धरून जवळजवळ पळतच आत नेलं.

तपासण्यांना पाऊण तास लागला. रेवतीनं बाही वर केली. पिशवी भरायला नऊ मिनिटं लागली, आणि नर्स ती घेऊन गेली तेव्हा ती हाताला अजून कोमट लागत होती. साडेआठला जयवंतला ऑपरेशनसाठी नेलं. काचेतून रेवतीला त्याचा चेहरा दिसला. दाढी पांढरी व्हायला लागली होती. ती कधीपासून, हे तिला माहीत नव्हतं.

ऑपरेशन तीन तास चाललं. लुसियानं तिला साखर घातलेला संत्र्याचा रस पाजला आणि फोनवरची छायाचित्रं एकेक करून दाखवली. त्यांचं घर, कुत्रा, दारातला आंबा, जयवंतनं कोकमासारखं काहीतरी शोधून केलेली सोलकढी. दोघींची भाषा जुळत नव्हती, तरी बोलणं थांबत नव्हतं. पावणेबाराला सर्जन बाहेर आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून लुसियाला आधी कळलं. ती खाली जमिनीवरच बसली आणि रडली. रेवती तिच्या शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जयवंतनं डोळे उघडले.

“बाय?” तो म्हणाला. लहानपणापासून तो तिला हेच म्हणायचा.

“हं.”

“तू इथं?” त्यानं मान तिच्याकडे वळवली. “कधी निघालीस?”

“काल दुपारी दोनला.”

“आणि पोचलीस कधी?”

“काल सकाळी साडेसहाला.”

त्यानं डोळे मिटले. औषधानं आपलं डोकं ठिकाणावर नाही, अशी त्याची खात्री झालेली दिसली. रेवतीला हसू आवरेना. मग तिनं त्याला टोळाबद्दल सांगितलं, पृथ्वी कशी सरकते ते सांगितलं, रॉकचे बूट दाखवले. ते अजून तिच्या पायांत होते.

“मला वाटायचं,” तो म्हणाला, “तू येशील तेव्हा भांडायलाच येशील.”

“भांडणार आहे. हिमोग्लोबिन सातच्या वर जाऊ दे.”

“मी परत येणार नाही हं, बाय. आधीच सांगून ठेवतो. माझं घर आता इथं आहे.”

“न्यायला नाही आले,” ती म्हणाली. आणि पुढं म्हणाली, “तेव्हा सोडायला यायला हवं होतं. नाही आले. ते चुकलंच माझं.”

नळ्या लावलेला हात त्यानं चादरीवरून सरकवत तिच्याकडे आणला, आणि तिनं तो धरला.

तिसऱ्या दिवशीच्या टोळानं रक्ताची दुसरी पिशवी आली. मिरजेच्या एका नर्सबाईंनी दिलेली, तीन खात्यांचे शिक्के असलेली. वायंगणकरांनी नुसत्या एका पिशवीची परवानगी काढली नव्हती. मिठबाव ते नाताल मार्गावर या गटाचं रक्त कधीही पाठवायची कायमची मुभा मिळवली होती. त्याच टोळातून रॉक फर्नांडिसही उतरला, रेवतीच्या मापाचे नवे बूट हातात घेऊन, आणि त्यानं पहिली गोष्ट विचारली ती जयवंतची.

परतीचं यान दुपारी सुटणार होतं. सकाळी साडेसातला रेवती सामान बांधत होती, तोच इस्पितळाच्या रक्तपेढीतल्या डॉक्टरीणबाई तिला शोधत आल्या. सुरीनाममधून फोन होता. दीडशे वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांवर कामाला नेलेल्या भारतीयांची वस्ती तिथं मोठी आहे. त्यांच्यातल्या एका एकवीस वर्षांच्या मुलीचं हृदयाचं ऑपरेशन वर्षभर अडून राहिलं होतं. गट बॉम्बे. नातालहून तिथं साध्या विमानानं तीन-चार तास. डॉक्टरीणबाईंना एवढंच विचारायचं होतं, की तुमच्या यादीतले लोक असं लांबच्या, अनोळखी माणसासाठी रक्त देतील का?

रेवतीला माहीत नव्हतं. कोल्हापूरच्या बाईसाठी सांगलीचा माणूस गाडीत बसतो, कारण कोल्हापूर त्याला ठाऊक असतं. आता या त्रेचाळीस जणांच्या दारात सगळं जगच येऊन उभं राहणार होतं, आणि त्याला हो म्हणायचं की नाही हे त्यांच्या वतीनं तिला ठरवता येणार नव्हतं. ती स्वतः तीन महिने रक्त देऊ शकत नव्हती. तिनं यादी उघडली. पाळी होती कागलजवळच्या तातोबा चौगुल्यांची. छप्पन्न वर्षांचे, गुऱ्हाळवाले, आत्तापर्यंत एकोणीस वेळा रक्त दिलेले. भारतात दुपारचे चार वाजले होते.

तातोबांनी फोन लगेच उचलला. रेवतीनं सगळं सांगितलं. मुलगी कोण, कुठली, तिचे खापरपणजोबा कसे गेले. उद्या सकाळी दहाला मिठबावहून आधीच ठरलेला मालाचा टोळ सुटणार आहे, तिथं काढलेलं रक्त त्यातून जाईल, हेही सांगितलं. जबरदस्ती नाही, नाही म्हणालात तरी चालेल, हे तिनं दोनदा सांगितलं.

“हे सुरीनाम लांब असंल की ओ,” तातोबा म्हणाले.

“आधी नाताल. ते मिठबावहून बावन्न मिनिटं. पुढं विमानानं चार तास.”

“आणि आमच्या इथनं मिठबाव?”

“घाटातनं साडेचार तास तरी लागतील, काका.”

मागे गुऱ्हाळाच्या चरकाचा आवाज येत होता. तो आवाज थांबला. त्यांनी कोणाला तरी चरक बंद करायला सांगितलं होतं.

“म्हंजे लांब काय ते मिठबावच,” ते म्हणाले. “मग आत्ताच निघतो.”